प्याला आणि भांडे : घरगुती मद्यनिर्मितीच्या इतिहासाविषयी

१

पिंपळे सौदागर हे पवनेच्या काठचे गाव. नदी ओलांडली की पिंपरी, तिच्यापलीकडे भोसरीची औद्योगिक वसाहत, आणि प्रवाहाबरोबर खाली गेले की दापोडी व खडकी. काही दशकांपूर्वी येथे शेती होती. आज हिंजवडीला नोकरीसाठी जाणाऱ्या संगणक-अभियंत्यांच्या सदनिका आहेत. अशा एखाद्या सदनिकेत राहणाऱ्या हौशी माणसाने घरच्या घरी विजेवर बीअर करण्याची मांडणी उभारायची ठरवली, तर त्याला काय काय लागेल? तीस-चाळीस लिटरचे स्टेनलेस स्टीलचे पातेले, त्यात बसणारी जाळी, तीन किलोवॅटची तापक कॉइल, तापमान मोजणारा संवेदक, ते एका अंशाच्या आत राखणारा पी.आय.डी. कंट्रोलर, गरम द्रव फिरवणारा लहानसा पंप, तो थंड करण्यासाठी नळीचे वेटोळे, आणि पाणी व वीज एकत्र नांदणार असल्याने गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच. यांतली एकही वस्तू परदेशातून मागवावी लागत नाही. मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या या पट्ट्यात पातेल्याला नळ जोडून देणारा वेल्डर आणि कंट्रोलर विकणारा दुकानदार हाकेच्या अंतरावर आहेत.

हिशोबही अवघड नाही. वीस लिटर पाणी २५ अंशांवरून ६५ अंशांपर्यंत न्यायला साधारण एक युनिट वीज लागते. तीन किलोवॅटच्या कॉइलने ते वीस मिनिटांत होते. मोड आणून वाळवलेले व भरडलेले सातू त्या पाण्यात तासभर ठेवले की पिठाची साखर होते. तापमान ६३ अंशांच्या आसपास राखले तर बीअर हलकी व कोरडी होते, ६९-७० अंशांवर ती दाट व गोडसर होते. पुढे गाळणे, हॉप्सची फुले घालून तासभर उकळणे, झटकन थंड करणे आणि यीस्ट घालून झाकून ठेवणे. पुण्याच्या उन्हाळ्यात यीस्टला वीसेक अंशांचा गारवा मिळावा म्हणून एखादा जुना फ्रिज कामी लावावा लागतो, एवढेच.

या सगळ्या यादीत न मिळणारी गोष्ट एकच : परवानगी. १९४९ चा मुंबई दारूबंदी अधिनियम आज 'महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम' या नावाने लागू आहे. त्याच्या बाराव्या कलमाने मद्य तयार करणे आणि ब्रुअरी उभारणे वा चालवणे यांस मनाई आहे. पासष्टाव्या कलमात मद्यनिर्मितीसाठी साहित्य, भांडी वा उपकरणे जवळ बाळगणे हाही अपराध आहे. पिण्याचा परवाना मिळतो, विकण्याचा मिळतो, विक्रीसाठी निर्मितीचाही मिळतो. मात्र स्वतःपुरते घरी करू पाहणाऱ्या गृहस्थासाठी कायद्याने वेगळी सवलत ठेवलेली नाही. म्हणजे पिणाऱ्याच्या हातातील प्याल्याविषयी कायदा तडजोडीस तयार आहे, घरातील भांड्याविषयी नाही. असे का झाले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

२

प्रथम शब्दांकडे पाहू. मराठीत दारू 'गाळतात' आणि पीठ 'आंबवतात'. 'गाळणे' हे क्रियापद ऊर्ध्वपातनाचे आहे : आंबलेले रसायन तापवायचे, वाफ नळीतून न्यायची, थंड करून धार धरायची. बीअरमध्ये ऊर्ध्वपातन नसते. ती केवळ आंबवलेली असते. त्यामुळे इंग्रजीतील ब्रूइंगला मराठीत सोयीचे क्रियापद नाही. आपण 'बीअर बनवणे' म्हणतो, आणि त्यात प्रक्रियेविषयी काहीच सांगितले जात नाही.

परंतु शब्द नसला तरी क्रिया अपरिचित नव्हती. तान्ह्या मुलासाठी नाचणीचे सत्त्व करताना नाचणी भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, वाळवायची, दळायची आणि वस्त्रगाळ करायची, हा क्रम घरोघरीच्या आज्यांना ठाऊक होता. सातूपासून माल्ट करण्याची पद्धत याहून फारशी वेगळी नाही. धान्याला मोड येताना त्यात पिठूळ द्रव्य फोडणारे विकर तयार होते. त्यामुळे मोडाच्या पिठाची पेज पातळ आणि पचायला हलकी होते. हेच विकर १८३३ मध्ये पायाँ आणि पेर्सो या दोन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी माल्टमधून वेगळे काढले, आणि तेथून विकरांच्या अभ्यासाला प्रारंभ झाला. मराठी स्वयंपाकघर आणि युरोपातील ब्रुअरी या दोघांचे पहिले पाऊल एकच होते. दुसरे पाऊल कोठे टाकायचे एवढाच फरक.

दुसरे पाऊलही भारतात जुने आहे. कौटिल्याच्या 'अर्थशास्त्रा'च्या दुसऱ्या अधिकरणात सुराध्यक्षाचे प्रकरण आहे. त्यात मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय आणि मधु हे प्रकार प्रमाणांसह दिले आहेत. 'किण्व' म्हणजे आंबवण्याचे बीजद्रव्य कसे करावे तेही सांगितले आहे. मद्याच्या व्यापारावर राज्याचे कडक नियंत्रण आहे, दंड आहेत. परंतु त्याच प्रकरणात कुटुंबवत्सल गृहस्थांना कार्यप्रसंगी पांढरी सुरा आणि औषधासाठी अरिष्ट करण्याची मुभा ठेवली आहे. उत्सव, समाज आणि यात्रा यांसाठी चार दिवसांची सूट आहे. आणि सुरा व किण्व यांचे काम स्त्रियांनी व मुलांनी करावे, असाही निर्देश आहे. येथे सुवर्णयुगाची कल्पना करण्याचे कारण नाही. कौटिल्याचे राज्य महसुलाच्या बाबतीत भोळे नव्हते. लक्षात घ्यायची गोष्ट एवढीच, की करवसुलीत मुरलेल्या त्या ग्रंथानेही घराची चूल आणि बाजाराची भट्टी यांत फरक केला होता.

३

तो फरक एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुसला गेला. मुंबई इलाख्यात १८७८ चा अबकारी कायदा आला. त्याआधीच्या मक्त्याच्या पद्धतीत लहान लहान भट्ट्या गावोगाव असत. मक्तेदार सरकारला ठरलेली रक्कम देई आणि पुढचे त्याचे तो पाही. नव्या व्यवस्थेने निर्मिती मोजक्या मध्यवर्ती भट्ट्यांत एकवटली. उरण हे तिचे मोठे केंद्र झाले. तेथील मोहाच्या दारूचे कारखाने प्रामुख्याने पारशी व्यावसायिकांच्या हाती होते. दारूची ताकद हायड्रोमीटरने अंशांत मोजून त्यावर शुल्क आकारले जाऊ लागले. ताडीच्या झाडांवर कर वाढला. मोजता येईल, कुलपात ठेवता येईल आणि पहारा बसवता येईल अशीच दारू कायदेशीर ठरली. घरातील मडके यांपैकी कशातच बसत नव्हते.

तरीही ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतील डोंगराळ भागात मडकी थांबली नाहीत, कारण कच्चा माल झाडावरून अंगणात पडत होता. तेव्हा १८९२ मध्ये सरकारने खास या भागासाठी मोहाच्या फुलांचाच कायदा केला. फुले गोळा करणे, बाळगणे, नेणे आणि विकणे यांवर निर्बंध आले. आदिवासींच्या दृष्टीने मोहाचे फूल हे केवळ दारूचे साधन नव्हते. धान्य सरल्यावर ते अन्न होते. पण फुलात दारूची शक्यता होती, आणि तेवढी शक्यता पुरेशी मानली गेली. डेव्हिड हार्डिमन यांनी दक्षिण गुजरातविषयी आणि इंद्रा मुन्शी सालढाणा यांनी ठाणे जिल्ह्याविषयी केलेल्या अभ्यासांतून ही प्रक्रिया तपशिलाने समोर येते : कालपर्यंतची रीत आज गुन्हा कशी होते, आणि रीत पाळणारा माणूस न हलता गुन्हेगार कसा होतो. महाराष्ट्रात मोहफुलांवरील निर्बंध शिथिल होण्यास २०२१ साल उजाडावे लागले.

याच सुमारास खुद्द ब्रिटनमध्ये काय घडत होते, हे पाहणे उद्बोधक आहे. १८८० मध्ये ग्लॅडस्टन यांनी माल्टवरील कर काढून बीअरवर बसवला, आणि घरी बीअर करणाऱ्यालाही परवान्याच्या कक्षेत आणले. कर ठरे तो आंबवण्यापूर्वीच्या गोड द्रवाच्या घनतेवरून. आज हौशी माणूस काचेच्या नळीत हायड्रोमीटर सोडून वहीत जो पहिला आकडा टिपतो, तो मुळात करनिरीक्षकाचा आकडा आहे.

दारूविरोधाचा आवाजही याच काळात उठला होता, हे विसरता येणार नाही. १८८० मध्ये पुणे नगरपालिकेचे सदस्य असलेल्या जोतीराव फुले यांनी शहरात दारूची दुकाने उघडण्यास लेखी हरकत घेतली. त्यांचा रोख दुकानावर होता, म्हणजे दारू सर्वत्र आणि सहज मिळेल अशी सोय करून देणाऱ्या महसुली व्यवस्थेवर होता. घरातील भांडे बंद करणारे सरकार आणि पेठेतील दुकान उघडणारे सरकार एकच होते.

४

पवनेच्या काठाकडे परत येऊ. पिंपळे सौदागरहून फार दूर नसलेल्या खडकीला लष्करी छावणी होती, आणि गोऱ्या शिपायाला बीअर लागे. एच. जी. मीकिन यांनी १८८७ मध्ये शिमला व कसौली येथील जुन्या ब्रुअऱ्या विकत घेतल्या आणि पुढे रानीखेत, डलहौसी, चक्राता, दार्जिलिंग व खडकी येथे नव्या उभारल्या. या यादीतली इतर गावे थंड हवेच्या डोंगरांवरची आहेत. खडकी तेवढी दख्खनच्या पठारावरची. म्हणजे या परिसरात बीअर तयार होणे ही नवलाई नाही. मात्र ती छावणीसाठी होती, आणि भोवतालच्या गावांना ती करण्याची विद्या मिळण्याचा प्रश्न नव्हता.

स्वातंत्र्याच्या चळवळीने दारूबंदी हे राष्ट्रीय कार्य मानले. बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबई शहरात दारूबंदी आणली. १९४९ च्या कायद्यानंतर एप्रिल १९५० पासून ती राज्यभर झाली. हेतू वसाहती सरकारच्या नेमका उलट होता. त्या सरकारला महसूल हवा होता, या सरकारला तो सोडायचा होता. परंतु घरातील भांड्याविषयी दोघांची भाषा सारखीच राहिली. नव्या कायद्यात 'तयार करणे' या शब्दांच्या व्याख्येत नैसर्गिक आणि कृत्रिम अशा दोन्ही प्रक्रिया घेतल्या आहेत. निसर्गतः आंबणाऱ्या रसावरही कायद्याची नजर असावी, ही दृष्टी १८९२ च्या मोहफुलांच्या कायद्याहून वेगळी नाही. १९५१ मध्ये बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याचा औषधे व प्रसाधने यांना लागू होणारा भाग रद्द केला. निर्मितीबंदीचा गाभा टिकला. पुढे साठ-सत्तरच्या दशकांत शिथिलता आली ती परवान्यांच्या मार्गाने. पिणाऱ्याला वाट मिळाली. घरी करणाऱ्याला नाही.

आणि नेमक्या त्याच वर्षांत या परिसराची औद्योगिक कहाणी सुरू होते, ती किण्वनापासून. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि १९५५ पासून तेथे पेनिसिलीन तयार होऊ लागले. पेनिसिलीन म्हणजे तरी काय? मोठ्या बंद टाक्यांत साखरेचे पोषक द्रव्य, त्यात वाढणारी बुरशी, राखलेले तापमान आणि परक्या जंतूंपासून संरक्षण. रसायन वेगळे, जीव वेगळा, हेतू तर सर्वस्वी वेगळा. पण टाकीची विद्या तीच. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत १९५१ पासून औद्योगिक सूक्ष्मजीवांचा संग्रह जोपासला जातो, आणि त्यात यीस्टही आहेत. दापोडीच्या अल्फा लाव्हाल कारखान्याचा व्यवसाय ज्या उष्णता-विनिमयकांचा आहे, तेच जगभरच्या ब्रुअऱ्यांत उकळता द्रव क्षणात थंड करतात. ज्या राज्याने घरातील मडके जप्त केले, त्याच राज्यात किण्वनाचे विज्ञान सन्मानाने वाढले, आणि ते योग्यच झाले. एवढेच, की विद्येचा परवाना कारखान्याला मिळाला, चुलीला नाही.

५

साहित्याच्या अभ्यासकाला येथे एक प्रश्न पडावा. मराठी साहित्याने दारूविषयी विपुल लिहिले. पण काय लिहिले? १९१९ मध्ये रंगभूमीवर आलेले गडकऱ्यांचे 'एकच प्याला' हे या विषयाचे आपले प्रमाण नाटक. त्यात सुधाकराचा ऱ्हास आहे, तळीरामाचे आर्य मदिरा मंडळ आहे, सिंधूचे दळण आहे. ती दारू कोणी तयार केली, कोठे आणि कशी, हा प्रश्न मात्र नाटकात येत नाही. येण्याचे कारणही नव्हते, कारण सुधाकराच्या वर्गापर्यंत दारू बाटलीतूनच पोहोचत होती. नाटकाचे शीर्षकच दृष्टी सांगते : आपल्या अभिजन साहित्याने प्याला पाहिला, भांडे पाहिले नाही. भट्टी, धाड आणि हप्ता हे विषय आपल्या वाचनात आले ते मुख्यतः दलित आणि भटक्या-विमुक्तांच्या लेखनातून. ज्या जमातींना १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मतःच संशयित ठरवले आणि ज्यांच्यावरील तो शिक्का १९५२ मध्ये कायद्याने पुसला, त्यांच्यापैकी काहींच्या वाट्याला पोटापाण्यासाठी भट्टी आली आणि भट्टीबरोबर तोच संशय पुन्हा आला.

भाषेने मात्र भांड्याची आठवण जपली आहे. एखाद्या कसदार लावणीला किंवा धारदार लेखाला आपण 'पहिल्या धारेचा' म्हणतो. समीक्षकही तसे लिहितात. नळीतून येणारी पहिली धार सर्वांत कडक असते, हे भट्टीवर बसलेल्या माणसाचे ज्ञान आहे. त्याचे ज्ञान आपण रूपक म्हणून घेतले आणि त्याला स्वतःला बातमीपुरते ठेवले. वर्तमानपत्रातील त्या बातमीची शब्दकळा ठरलेली असते : नदीकाठची हातभट्टी, कच्चे रसायन, प्लॅस्टिकचे ड्रम, नवसागर, मुद्देमाल, 'उद्ध्वस्त'.

६

२००९ मध्ये पुण्यात 'डूलाली' नावाची लघु-ब्रुअरी सुरू झाली. तिच्यापासून महाराष्ट्रात 'क्राफ्ट बीअर' हा शब्द रुळत गेला. हे नाव नाशिकजवळच्या देवळालीचे इंग्रजी रूप आहे. मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत देवळालीच्या छावणीत कुजणारे गोरे शिपाई भ्रमिष्ट होत, त्यावरून वेड लागलेल्याला 'डूलाली टॅप' म्हणण्याची रीत इंग्रजीत पडली. त्यातील 'टॅप' म्हणजे आपला 'ताप'. देवळालीचा ताप इंग्रजीत जाऊन प्याल्यावर नाव होऊन परतला, ही शब्दाची यात्रा रंजक आहे.

त्याहून विचार करायला लावणारा शब्द 'क्राफ्ट' आहे. त्याचा अर्थ काय? कारखान्याऐवजी हाताने, थोड्या प्रमाणात, करणाऱ्याच्या देखरेखीखाली तयार झालेले. याला मराठीत आधीपासून शब्द आहे : हातभट्टी. एका शब्दाची किंमत पेल्यामागे काही शे रुपये, दुसऱ्याची किंमत गुन्हा नोंद. दोन्हींचा शब्दार्थ एकच असताना त्यांची नशिबे इतकी दूर गेली, याचे कारण पेयात किती आणि पेय करणाऱ्याच्या पत्त्यात किती, हे तपासायला हवे.

तपासताना प्रामाणिक राहणेही आवश्यक आहे. दोन्ही पेये एक नाहीत. हातभट्टीची दारू ऊर्ध्वपातित असते, बीअर नसते. ताकदीत आणि धोक्यात मोठे अंतर आहे. २०१५ मध्ये मुंबईतील मालवणीत विषारी दारूने शंभरहून अधिक माणसे मेली. मृत्यूचे कारण मिथेनॉल होते, आणि ते मडक्यात आंबून आलेले नव्हते. ते औद्योगिक रसायन होते. घरातील ज्ञान मोडून पडले आणि मागणी उरली, की मधल्या जागेत रसायनाचा व्यापारी येतो, असा त्याचा एक अर्थ होऊ शकतो. पण हा युक्तिवाद मेलेल्यांच्या घरी जाऊन करण्यासारखा नाही. गावातील दुकानाविरुद्ध मतदान करून 'आडवी बाटली' निवडणाऱ्या स्त्रियांनी दारूचा इतिहास संसारात भोगलेला असतो, आणि भांड्याच्या स्वातंत्र्याची बाजू मांडणाऱ्याने त्यांच्या डोळ्याला डोळा देता आला पाहिजे.

ब्रिटनने १९६३ मध्ये घरगुती बीअरवरील परवान्याचे बंधन काढले. अमेरिकेत १९७८ मध्ये केंद्रीय कायदा बदलला. तरी अलाबामा आणि मिसिसिपी या राज्यांत घरी बीअर करणे कायदेशीर होण्यास २०१३ साल लागले. विक्री नाही, मर्यादित प्रमाण, स्वतःपुरते, अशी ही सवलत आहे. तिचा आराखडा कौटिल्याच्या त्या चार दिवसांच्या सवलतीपासून फार दूर नाही. आपल्याकडे तशी सवलत यावी की नाही, हा प्रश्न या लेखाने सोडवायचा नाही. पण ती कधी आलीच, तर ती कोणासाठी येईल, हे आजच विचारता येते.

कारण विजेच्या भट्टीत धूर नसतो. जुन्या धाडीला वाट दाखवी तो धूर आणि आंबलेल्या रसायनाचा वास. नदीकाठच्या झुडपात लाकडे पेटवणारा माणूस लांबूनच दिसतो. सातव्या मजल्यावरील स्वयंपाकघरात कंट्रोलरवर ६५ चा आकडा लावून बसलेला माणूस दिसत नाही. कायद्याच्या अक्षरात दोघांचे पातेले सारखेच आहे. व्यवहारात एकाचे पातेले मुद्देमाल होते आणि दुसऱ्याचे छंद. उद्या सवलत मिळालीच आणि ती केवळ स्टेनलेस स्टीलला मिळाली, मातीच्या मडक्याला नाही, तर १८७८ मध्ये सुरू झालेली गोष्ट संपली असे म्हणता येणार नाही. तिला फक्त विजेची जोडणी मिळाली, एवढेच म्हणावे लागेल.